गिरगावची नऊ मिनिटं

१

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गिरगावातल्या एका पडद्यावर चार वर्षांच्या मुलीचं हृदय धडधडायचं थांबलं.

मुलगी परळला होती आणि ठीक होती. सुमती सेवा ट्रस्टच्या तिथल्या रुग्णालयात ती आईचा हात धरून पलंगावर पडली होती आणि तिच्या छातीवरून तपासणीचं यंत्र फिरत होतं. ट्रस्टचे हृदयरोगतज्ज्ञ मात्र गिरगावच्या इमारतीत बसत. परळचं हलतं चित्र त्यांना इथे, त्याच क्षणी आणि बारीकसारीक तपशिलासह दिसावं, यासाठी सगळा खटाटोप चालला होता. दोन इमारतींना जोडणारी काचेची एकच जुनी तार जमिनीखाली पडून होती. त्या एका तारेतून एवढी माहिती प्रकाशावर बसवून आणायची तर खास रिसीव्हर हवा होता. तो बॉक्स व्हायोला मिस्किटाने बनवला होता. तीन वर्षं लागली होती तिला.

चित्र थिजलं तेव्हा डॉक्टर झडपेची मापं घेत होते. त्यांनी हात मागे घेतला. पाच सेकंदांनी चित्र हललं, जेमतेम मिनिटभर चाललं आणि पुन्हा थिजलं. अर्ध्या तासात असं सात वेळा झालं. ट्रस्टच्या समितीतले लोक खुर्च्यांवर अवघडून बसले होते. शेवटी अध्यक्ष उठले.

"गुरुवारी आमची बैठक आहे," ते म्हणाले. "आता दुसऱ्या कंपनीचा विचार करावा लागेल."

व्हायोलाच्या 'तेजोमार्ग' कंपनीचे मालक रघुवीर मंत्री तिच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तू म्हणाली होतीस, प्रकाश वाटेत कसाही वळू दे, आपल्या बॉक्सला फरक पडणार नाही."

"नाही पडत, सर."

"मग हे काय होतं?"

ती वळून जिन्याकडे गेली.

मंगळवारी डिलाईल रोडच्या ऑफिसात तोच बॉक्स टेबलावर ठेवून तिने सहा तास छळला. तार पिळली, तापवली, बर्फात बुडवली. सिग्नल एकदाही हलला नाही. बॉक्सचं सीलही शाबूत होतं. मग तिने बाजूच्या खाचेतून मेमरी कार्ड काढलं. सोमवारच्या प्रत्येक सेकंदाची नोंद त्यावर असायला हवी होती.

कार्ड कोरं होतं.

२

त्याच संध्याकाळी खोताच्या वाडीतल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात व्हायोलाचा बाप ॲलॉयशियस मिस्किटा मित्राची वाट बघत बसला होता. त्याने आणि भोईवाड्याच्या जयवंत घाडीने टेलिफोन खात्यात एकत्र तीस वर्षं काढली होती. ॲलॉयशियस केबल जोडायचा. जयवंतचं काम त्याआधीचं, म्हणजे बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं. रस्ता कुठे खणायचा हे तो सांगायचा, आणि तो म्हणेल तिथेच खड्डा पडायचा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खात्यातली मुलं अजून त्याला फोन करत.

"बरं झालं आलास, जयवंता," ॲलॉयशियस म्हणाला. "पोरगी कालपासून नीट जेवली नाय. तूच बघ आता."

व्हायोलाच्या शेजारी तिची मैत्रीण बसली होती. आकांक्षा हडकर लालबागची, वडील गिरणीत होते. दोघी एकाच दिवशी कंपनीत लागलेल्या. येताना तिने व्हायोलासाठी डब्यात कोलंबीभात आणला होता.

"कार्ड वीज जाताना रीसेट झालं असेल गं," ती व्हायोलाला समजावत होती. "मी समितीसाठी अहवाल केलाय. एकूण सिग्नलचा आलेख आहे माझ्याकडे, तेवढा पुरे. तू स्वतःला दोष नको देऊस. रविवारी पाच तास इथे बसून आपण सगळं दोनदा तपासलं होतं ना?"

"पोरी," जयवंत खुर्ची ओढत व्हायोलाला म्हणाला, "मी तांब्याच्या जमान्यातला माणूस. तुझा बॉक्स काय करतो ते आधी मला नीट सांग."

व्हायोलाने कपडे वाळत घालायची दोरी काढली, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं हातात घेऊन वर-खाली झटकलं. दोरीतून उभी लाट पळाली. मग तिने हात आडवा हलवला. लाट आडवी झाली.

"प्रकाशाची थरथर अशीच असते, अंकल. तिला दिशा असते. त्याला ध्रुवीकरण म्हणतात. परळहून निघताना दिशा मला माहीत असते. पण तार वाकते, तापते, वरून बस जाते, आणि गिरगावला पोचेपर्यंत ती दिशा कुठेही वळलेली असते. साधा रिसीव्हर येणाऱ्या प्रकाशात स्वतःचा प्रकाश मिसळतो. दोघांची दिशा जुळली तर संदेश ऐकू येतो. दिशा आडवी पडली तर काहीच नाही."

"आणि तुझा?"

"माझा येणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग करतो, उभा आणि आडवा. दोन्ही वेगवेगळे ऐकतो. उभ्यात कमी आलं की आडव्यात तेवढं जास्त येतं. दोन्ही नीट जोडले की संदेश पुरा. ते जोडायचं गणित आकांक्षाचं."

आकांक्षा किंचित हसली. "गणित असून काय उपयोग, काका. मी आधीपासून म्हणत होते, प्रकाशालाच वळवून सरळ करणारं यंत्र लावू. चार वर्षं त्यावर बसले होते. ते राहिलं बाजूला."

"सोमवारी बॉक्स कोणी आवरला?" जयवंतने विचारलं.

"आठवत नाही," व्हायोला म्हणाली. "मी जिन्यात बसून रडत होते, अंकल."

जयवंतने मान डोलावली. "उद्या सकाळी मी गिरगावला त्या खोलीत जातो. बिघाड बॉक्समध्ये नाही हे तू आज सिद्ध केलंस. म्हणजे तो बाहेर आहे. आणि बाहेरचे बिघाड मला सापडतात."

३

ट्रस्टच्या इमारतीतल्या तारा, स्विच आणि वीज जगदीश शिर्सेकर बघायचा. जयवंत आत आला तेव्हाच त्याचं तोंड वाकडं झालं.

"आता माझ्यावर ढकलणार काय? शनिवारी तार जरा ओढली तर तुमच्या मॅडम किती बोलल्या मला."

"ढकलायला नाही आलो रे. मी पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात," जयवंत म्हणाला. "खात्यात आम्ही काम संपलं की फोटो काढून ठेवायचो. नंतर कोणी बोललं तर दाखवायला."

जगदीशचा चेहरा उजळला. "मी व्हिडिओ काढतो. शनिवारचा आहे, सोमवारचा पण आहे. नंतर आपल्याच डोक्यावर येतं ना."

"तो दे मला. पण आधी सांग, सिग्नल गेला-आला की तुमच्या यंत्रात वेळ टिपली जाते का?"

जगदीशने संगणकावर यादी उघडली. शनिवारी बॉक्स लावल्यापासून एकही खंड नव्हता. रविवारी दुपारी चार अडतीसला सिग्नल चाळीस सेकंद बंद पडला होता. त्यानंतर रात्रभर अधूनमधून छोटे खंड, आणि सोमवारी अकरा वीसपासून नुसत्या येरझाऱ्या. बारा वाजून सहा मिनिटांनी अर्ध्या मिनिटाचा पूर्ण अंधार. आणि बारा पंधराला बॉक्स बंद केल्याची खूण.

जयवंतने शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "बारा सहा ते बारा पंधरा, या मधल्या नऊ मिनिटांत काय?"

"काही नाही. ठणठणीत चाललंय."

"कोणी दुरुस्त केलं?"

"कोण करणार? सगळे खाली चहाला. अध्यक्षांनी मला पण खालीच फैलावर घेतलं होतं. वर तुमचेच लोक सामान आवरत होते, कोण ते मी नाही बघितलं."

"रविवारपासून आजारी असलेला माणूस औषधाशिवाय अर्ध्या मिनिटात बरा झाला," जयवंत म्हणाला. "जगदीश, तुझ्या खोलीत कोणीतरी दोनदा तार काढली आणि दोनदा जोडली. रविवारी आजार घातला, सोमवारी काढून नेला."

जगदीश त्याच्याकडे बघतच राहिला. "रविवारी मी सुट्टीवर होतो, काका. खोलीची चावी वॉचमनकडे असते. वहीत सही केल्याशिवाय तो देत नाही."

खाली वॉचमनच्या वहीत रविवारच्या पानावर बाहेरच्या माणसाची एकच सही होती. आत चार पंचवीस, बाहेर चार पंचावन्न. नाव ठळक होतं, प्रेस्टन रिबेलो. तेजोमार्गचा विक्रीप्रमुख.

४

जयवंत लगेच प्रेस्टनकडे गेला नाही. कोणी केलं हे विचारण्याआधी काय केलं हे कळायला हवं होतं, नाहीतर समोरचा जे सांगेल त्यावर मान डोलवावी लागली असती. दुपारी तो खोताच्या वाडीत आला आणि व्हायोलाबरोबर जगदीशचे व्हिडिओ बघत बसला.

बॉक्सच्या तोंडावर हिरव्या दिव्यांच्या दोन उभ्या रांगा होत्या. डावी रांग उभ्या भागाची, उजवी आडव्या भागाची. शनिवारच्या व्हिडिओत जगदीश तारा बांधत होता, त्याचा हात तारेला लागला की डावी रांग चढायची आणि उजवी उतरायची, मग उलट. एखाद्या तागडीसारख्या त्या वर-खाली होत होत्या.

"असंच व्हायला हवं," व्हायोला म्हणाली. "दिशा बदलते, बेरीज तेवढीच राहते."

मग सोमवारचा. पडद्यावर थिजलेलं चित्र, लोकांची कुजबुज, आणि कोपऱ्यात बॉक्स. डावीकडे आठ दिवे, उजवीकडे चार. मग चार आणि दोन. मग दोन्ही रांगा विझल्या. मग परत आठ आणि चार.

व्हायोला पुढे झुकली. तिने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा बघितला, आणि दिवे बोटाने मोजले.

"अंकल, हे शक्यच नाही. डावी नेहमी उजवीच्या दुप्पट आहे. एकदाही बदललं नाही. म्हणजे प्रकाश कमी-जास्त होतोय, पण येतोय कायम एकाच दिशेने. सात किलोमीटर तारेतून येणारा प्रकाश असा येतच नाही."

"परळचा दिवा मंद झाला असेल तर?"

"तरी दिशा फिरलीच असती. आणि परळच्या दिव्याची नोंद मी बघितलीय, तो जराही हलला नव्हता."

जयवंत उठला. त्याने कालची दोरी उचलली, व्हरांड्याच्या कठड्याच्या दोन उभ्या गजांमधून पलीकडे ओवली आणि ॲलॉयशियसला दुसरं टोक धरायला लावलं. "हलव, ॲलू. कशीही हलव."

ॲलॉयशियसने दोरी उभी झटकली. लाट गजांतून सरळ अलीकडे आली. त्याने ती आडवी झटकली. लाट गजांवर आपटली आणि तिथेच मेली. तिरकी झटकली तर थोडीशी आली, पण अलीकडे आली ती उभीच.

व्हायोला दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. "पोलरायझर," ती म्हणाली. "असाच गज असतो तो, बोटाएवढ्या नळीत. एकाच दिशेची थरथर सोडतो, बाकीची अडवतो. दिशा फिरली की प्रकाश आत पोचतच नाही. मग माझे दोन भाग काय ऐकणार?"

"बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल?"

"की माझा बॉक्स दिशा बदलली की आंधळा होतो. हुबेहूब तेच." तिचा आवाज चढला. "आणि तो बॉक्सच्या अगदी जवळ, शेवटच्या दोन-तीन मीटरांतच असणार. लांब असता तर पुढे दिशा पुन्हा फिरली असती. त्याच खोलीत, अंकल! आमच्या लॅबच्या खणात असे तीन आहेत."

"आज तीनही असतील," जयवंत म्हणाला. "परत ठेवायला वेळ मिळालाय." त्याने घड्याळ बघितलं. "आता एक सांग. दिव्यांच्या रांगा सोड. कार्डावर या दोन आकड्यांची नोंद असती तर तू हे कधी ओळखलं असतंस?"

"मंगळवारी सकाळी. पाच मिनिटांत."

"मला हवं ते मिळालं," तो म्हणाला आणि चपला पायांत सरकवून निघाला.

५

प्रेस्टन रिबेलो उंच आणि बोलका होता. सोमवारपासून मात्र तो कोणाशी धड बोलला नव्हता. जयवंतने त्याला डिलाईल रोडच्या ऑफिसबाहेर, गिरणीच्या जुन्या भिंतीपाशी गाठलं.

"रविवारी कुठे होतास?"

"सकाळी चर्च, मग दादरला घरी. पूर्ण दिवस घरीच होतो, अंकल."

"चार पंचवीसला गिरगावच्या वहीत तुझी सही आहे."

प्रेस्टनचा चेहरा पांढरा पडला. त्याने भिंतीला हात टेकला. "मी वाट लावली," तो म्हणाला. "सगळ्यांची वाट लावली मी. तीन दिवस झोपलो नाही. मला सक्त सांगितलेलं, बॉक्सला हात लावायचा नाही. आणि मी लावला. तारेच्या टोकात कचरा गेला असेल, नाहीतर नीट बसवलं नसेल."

"काय केलंस?"

"मागची पिवळी तार काढली, नवीन लावली. दुसऱ्या प्रयत्नात बसली. कंपनीच्या किटबॅगेत पाकिटात ती आधीच ठेवलेली होती."

"नवीन तारेच्या मध्ये काही होतं?"

"हो, स्टीलचं. पेनाच्या टोपणाएवढं. मला वाटलं, तार वाकू नये म्हणून असेल. तुम्हाला कसं माहीत?"

"आणि हे करायला तुला फोनवर सांगितलं."

"जुनी तार खराब आहे, बदल, पण व्हायोलाला सांगू नकोस, ती घाबरेल, असं सांगितलं," प्रेस्टन म्हणाला. नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना.

"नको सांगूस," जयवंत म्हणाला. "मी सांगतो, तू फक्त मान हलव. तुला कार्ड म्हणजे काय ते माहीत नाही. जगदीशलाही नाही. ज्याने कार्ड कोरं केलं त्याला ठाऊक होतं की त्या दोन आकड्यांवरून व्हायोला पाच मिनिटांत सगळं ओळखेल. इतकं जाणणारी माणसं या कंपनीत दोनच. एक स्वतः व्हायोला. तिने आपलं तीन वर्षांचं काम बुडवायला हे केलं नाही."

प्रेस्टनने खिशातून फोन काढला आणि रविवारची यादी उघडून त्याच्या हातात दिली. तीन वाजून बावन्न मिनिटं. नाव तेच होतं, जे जयवंतच्या मनात होतं.

"पोरा, तू काही बिघडवलं नाहीस," जयवंत म्हणाला. "तू तार अगदी बरोबर बसवलीस. आज जाऊन झोप."

६

गुरुवारी सकाळी नऊ वाजता रघुवीर मंत्रींच्या केबिनमध्ये पाच माणसं होती. रघुवीर, व्हायोला, प्रेस्टन, आकांक्षा आणि जयवंत. समितीची बैठक बाराला होती.

जयवंतने दोन्ही व्हिडिओ दाखवले, दिव्यांच्या रांगांचा अर्थ सांगितला, जगदीशच्या यादीतल्या वेळा वाचल्या. मग तो आकांक्षाकडे वळला.

"तूच बोललीस तर बरं होईल, बाळा."

आकांक्षा ताठ बसली होती. "काका, रविवारी दोन ते सात मी व्हायोलाच्या घरी होते. तिलाच विचारा."

"होतीस. म्हणूनच प्रेस्टनला पाठवावं लागलं. तीन बावन्नला तू कुठून फोन केलास?"

उत्तर व्हायोलाने दिलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आमच्या व्हरांड्यातून. आईला फोन करते म्हणालीस. बाहेर जाऊन बोललीस."

"सोमवारी तू एकटी वर गेलीस," जयवंत पुढे म्हणाला. "खास तार काढून जुनी लावलीस. बारा सहा. मग कार्ड पुसलंस, आणि त्यालाच नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ बॉक्स चालू राहिला आणि सिग्नल सुधारल्याचं जगदीशच्या यंत्राने टिपलं. बॉक्स आधी बंद केला असतास तर मी अजून चाचपडत असतो. आणि मंगळवारी अहवालात तू फक्त बेरजेचा आलेख दिलास. बेरजेत ही लबाडी दिसत नाही, हे ते गणित करणाऱ्यालाच माहीत."

बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

"अर्ज बघितलास का तू, व्हायोला?" आकांक्षा अचानक म्हणाली. "पेटंटचा. मी बघितला, प्रिंटरवर राहिला होता. शोधकर्ता, एक. व्हायोला मिस्किटा. दोन भाग तुझे. पण ते जोडायचे कसे? दर सेकंदाला वळणारी दिशा, दोघांचा ताळमेळ, ते कोणाचं? नवव्या पानावर माझं गणित जसंच्या तसं आहे. माझं नाव कुठेच नाही."

व्हायोलाने रघुवीरकडे बघितलं.

"एकच नाव असलं की कागदपत्रं सोपी जातात, म्हणून मी सुचवलं होतं," रघुवीर म्हणाले. त्यांची नजर टेबलावर होती.

"सरांनी सुचवलं," आकांक्षा म्हणाली, "पण सही तू केलीस. आणि रविवारी मला काहीच बोलली नाहीस. पाच तास."

व्हायोलाचा चेहरा लालबुंद झाला. "हो," ती म्हणाली. "केली. मला लाज वाटत होती म्हणून बोलले नाही."

"भांडण तुमच्या दोघींचं होतं," जयवंत म्हणाला. "पण पडद्यावर चित्र थांबलं तेव्हा डॉक्टर माप घेत होते. ती पोर खरी होती, आकांक्षा."

"चाचणी होती, काका. परळला दुसऱ्या डॉक्टरीणबाई शेजारी होत्या. मी ते बघूनच..." तिचं वाक्य तुटलं. ती पहिल्यांदाच रडली, आवाज न करता, नाक हाताने पुसत. मग तिने टेबलावरचा कागद ओढला. "समितीला मी लिहून देते. काय केलं ते सगळं. राजीनामा पण."

रघुवीरना पोलिसांत जायचं होतं. त्यांनी जयवंतकडे बघितलं.

"कंपनी तुमची आहे, निर्णय तुमचा," जयवंत म्हणाला. "पण तक्रारीत पेटंटच्या अर्जाचाही विषय निघेल, तेवढं लक्षात ठेवा."

रघुवीरनी पेन उचललं आणि आकांक्षापुढे ठेवलं.

७

समितीने पत्र वाचलं आणि अध्यक्षांनी डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. दुपारी एकला पुन्हा चाचणी ठरली. त्याच मुलीला परळला पलंगावर झोपवलं. गिरगावच्या खोलीत व्हायोलाने बॉक्स जोडला, तार स्वतः पुसून बसवली आणि जगदीशला म्हणाली, "शनिवारी मी तुम्हाला उगाच बोलले. आता हवी तेवढी ओढा."

जगदीशने आधी बिचकत, मग मजेत तार हलवली, वाकवली, बोटाभोवती गुंडाळली. दिवे वेडेवाकडे नाचत राहिले. पडद्यावरचं इवलं हृदय मात्र एका ठेक्यात धडधडत होतं. डॉक्टरांनी झडपेचं राहिलेलं माप घेतलं, पुढचं घेतलं, फोनवर परळच्या डॉक्टरीणबाईंना दोन आकडे सांगितले आणि मग म्हणाले, "हिला शस्त्रक्रिया लागणार नाही. औषधाने भागेल. पुढचा पेशंट आणा."

व्हायोला भिंतीला टेकून उभी राहिली. प्रेस्टनने तिला मिठीच मारली.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी खोताच्या वाडीत फाटक वाजलं. आकांक्षा दारात उभी होती. व्हायोलाने तिला आत घेतलं, पण दोघींपैकी कोणी हसलं नाही.

"फोन का केलास?" आकांक्षाने विचारलं.

व्हायोलाने पेटंटचा नवा अर्ज पुढे केला. शोधकर्ते, दोन. दुसरं नाव, आकांक्षा हडकर. खाली सहीची जागा रिकामी होती.

"सरांना कळलंय?"

"त्यांना सांगितलं, दोन नावं नसतील तर माझं पण काढा."

"मी जे केलं त्यानंतर?"

"जे केलंस ते मी विसरलेले नाही," व्हायोला म्हणाली. "इतक्यात विसरणार पण नाही. पण नववं पान तुझं आहे. ते माझं आहे असं मी परत लिहू शकत नाही."

आकांक्षाने पेन घेतलं. सही करण्याआधी तिने सवयीने पानं चाळली. नवव्या पानावर ती थांबली, भुवया आक्रसल्या, आणि तिने कागद दिव्याजवळ धरला.

"इथे वजाबाकीचं चिन्ह हवं," ती म्हणाली. "तू अधिक लिहिलंयस."

व्हायोला तिच्या शेजारी येऊन वाकली. तिने दोनदा बघितलं. चिन्ह खरंच चुकलं होतं.

"मग खालच्या तीन ओळी पण बदलतील," ती म्हणाली.

"चार," आकांक्षा म्हणाली आणि बसायला खुर्ची ओढली.